भाऊजींचं हळदीकुंकू

आमच्या थोरल्या भाऊजींइतका चारचौघांना धक्के देणारा माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा सापडायचा नाही. माझे हे मोठे दीर दिसायला अगदी साधे, आयुष्यभर ऑफिसात मान खाली घालून काम केलेले; पण घरातली कुठली रीत मोडतेय असं दिसलं की ती पुढे रेटायला स्वतःच उभे राहायचे, आणि ती बायकांची आहे की पुरुषांची हा प्रश्न त्यांना पडायचाच नाही. एका वटपौर्णिमेला जाऊबाई तापानं फणफणल्या होत्या. भाऊजी बर्म्युडा घालून, सुताचं रीळ घेऊन सोसायटीच्या गेटजवळच्या वडापाशी हजर! नटूनथटून आलेल्या बायका चार पावलं मागे सरल्या. "काका, तुम्ही इथे कशाला?" कोणीतरी विचारलं. "ताप हिला आलाय, सणाला नाही," भाऊजी म्हणाले आणि "हीच बायको मिळू दे" असं खणखणीत आवाजात म्हणत फेरे मारू लागले. ते ऐकून त्या संध्याकाळी बऱ्याच घरांतल्या नवऱ्यांची वाट लागली म्हणे.

गेल्या पावसाळ्यात जाऊबाई गेल्या. संक्रांतीच्या आठवड्यात भाऊजींचा मला घाटकोपरला फोन आला, "अगं, रविवारी हळदीकुंकू ठेवलंय. कुंकू लावायला तू ये, माझा हात थरथरतो." मी म्हटलं, "अहो भाऊजी, वर्ष तरी सरू दे! आणि पुरुष कुठे हळदीकुंकू करतात का?" ते म्हणाले, "हिनं सेलमधून चहाची गाळणी आणून ठेवलीत वाणाला. माळ्यावर गंजत ठेवू? तिला चाललं असतं?" सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी मेसेजही टाकून दिला होता, 'सौ. नाहीत. वाण आहे. सर्व महिलांनी यावे.' एरवी पाणी गेलं तरी रणकंदन माजवणारा तो ग्रुप त्या दिवशी चिडीचूप झाला.

रविवारी मी काठापदराची साडी नेसून तबक घेऊन बसले. सहा वाजले, सात वाजले, कोणी फिरकेना. भाऊजींनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. ते टेबलावरची गाळणी पुन्हा पुन्हा सरळ करत होते. शेवटी हळूच म्हणाले, "गाळणी असतातच गं सगळ्यांकडे. हिनं डबे आणायला हवे होते."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या जोशीबाई उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या. जाऊबाईंची जिवाभावाची मैत्रीण. त्यांचे यजमान जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. "सर्व महिला लिहिलं होतंत, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "चुकून लिहिलं असलं तर जाते हं मी."

माझा कुंकवाच्या करंड्याकडे गेलेला हात तिथेच थबकला. भाऊजींना मात्र काही अडलंय हेच कळत नव्हतं. "चुकून कशाला? हिचे गुडघे धरले की तेल चोळायला तुम्हीच यायचात ना? आत या आधी." मग माझ्याकडे वळून, "अगं, लाव ना! कुंकू संपलं का?"

मी लावलं. जोशीबाईंनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग गाळणं पदराखाली धरून, तिळगूळ न खाताच त्या लगबगीनं खाली गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या त्या दुसऱ्या विंगमधल्या दोघी-तिघींना घेऊन. त्यांनाही कोणी बोलावत नसे. त्यांचा आवाज ऐकून शेजारपाजारची दारं उघडली आणि बाकीच्याही एकेक करून आल्या. रात्री टेबलावर एकही गाळणं उरलं नाही.

सगळ्या गेल्यावर भाऊजी खुर्चीत टेकले. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान दिसत होतं. "सगळं हिच्यासारखंच झालं ना गं?" त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी इतकी वर्षं हळदीकुंकू केलं. जोशीबाईंना एकदाही बोलावलं नव्हतं.

"अगदी तसंच," मी म्हटलं.