व्हर्लिन हॉस्टेटरची वाळवंटी बदामी

वैद्याने नाडी पाहावी, ताम्रपट वाचणाऱ्याने अक्षरांवरचा गंज हळुवार पुसावा, त्या निष्ठेने व्हर्लिन हॉस्टेटर जुन्या गाडीच्या मागच्या सीटखाली डोके घालीत असे. ओहायोच्या त्या मक्याच्या मुलखात त्याने चाळीस वर्षे दुकानात गाड्यांचे रंग कालवले होते. निवृत्तीनंतरही लोक आपापल्या आठ सिलिंडरांच्या, दोन दारांच्या, डरकाळ्या फोडणाऱ्या वृद्ध गाड्या त्याच्या दारी आणीत आणि एकच विचारीत : कारखान्यातून निघाली तेव्हा हिचा रंग कोणता होता? व्हर्लिन बॉनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवरचा रंगाचा आकडा वाची. पट्टी नसली तर सीट उपटी, कारण तिथवर पुन्हा रंग देणाऱ्याचा हात पोचत नाही. "वरचा रंग मालकाचा, सीटखालचा रंग सत्याचा," असे तो म्हणे, आणि गावात हे वचन श्रुतीसारखे प्रमाण होते.

या प्रामाण्याचा पहिला बळी त्याचा बालमित्र लोवेल प्रुइट. तीन वर्षांपूर्वी लोवेलच्या लालभडक गाडीच्या सीटखालून व्हर्लिनने डोके बाहेर काढले आणि गंभीरपणे म्हणाला, "वाळवंटी बदामी." कारखान्याच्या रंगपुस्तिकेत हे नाव होते, प्रत्यक्षात तो उकडलेल्या बटाट्याचा रंग होता. लोवेलने डोळे पुसले, पण सत्यापुढे मान तुकवून गाडी बटाटा केली. त्या दिवसापासून शनिवारच्या न्याहारीला जमणाऱ्या म्हाताऱ्यांत लोवेलचेही नाव बटाटा पडले.

पुढे व्हर्लिनने स्वतःसाठी एका कोठारातून एकोणीसशे सत्तर सालची गाडी आणली. वरून कुणी काळा रंग फासलेला. पट्टी उपटलेली, रिव्हेटांची दोन भोके तेवढी उरलेली. परंतु दाराच्या बिजागरीवर जांभळा ठिपका होता! त्या वर्षी कारखान्याने जांभळ्या गाड्या अगदी थोड्या काढल्या होत्या. ठिपका पाहून व्हर्लिनचे काळीज असे उचंबळले की इतरांना शिकवलेला नियम तो स्वतः विसरला. सीट न काढताच त्याने न्याहारीच्या टेबलावर घोषणा केली, "मित्रांनो, जांभळी!" आणि दोन गॅलन जांभळा रंग स्वहस्ते कालवून ठेवला. येत्या शनिवारी तो अंतिम निर्णय सांगणार होता.

मंगळवारी त्याने गंजलेली सीट अखेर उपटली. खाली बटाटा होता.

"रंगाखालचं अस्तर असेल," तो पुटपुटला. मग, "धूळ असेल." मग सामानाच्या कप्प्यात, डॅशबोर्डमागे, दाराच्या आत, एकूण सतरा ठिकाणी त्याने विजेरी मारली. सतरा बटाटे.

तेवढ्यात सीटच्या स्प्रिंगांत दडलेला पिवळट कागद सापडला. कारखान्यातल्या कामगारांच्या हातची ती गाडीची जन्मपत्रिका. इंजिन होते, गिअर होते, रेडिओसुद्धा होता. रंगाच्या चौकटीपुरता कागद मात्र उंदराने नेमका कुरतडला होता.

"मार्जीन!" व्हर्लिनने पत्नीला हाक मारली. "बघ, पुरावाच नाही! बिजागरीवरचा ठिपका मात्र आहे."

मार्जीन ठिपक्यावर वाकली. आत जाऊन तिने नखांचा रंग पुसायची बाटली आणली आणि कापसाने एकदाच पुसले. ठिपका गेला, खालून बदामी सत्य प्रकटले.

"ही नेलपॉलिश आहे, व्हर्लिन. सत्तरच्या दशकात माझ्याकडेही हीच होती."

"कुणाला सांगशील?"

"मी कशाला सांगू? सत्याचा ठेका तुझ्याकडे आहे."

शनिवारपर्यंत व्हर्लिनला धड अन्न गेले नाही. सत्य सांगावे तर गावभर हसे होणार. लपवावे तर चाळीस वर्षांचा शब्द मातीमोल होणार. आणि लपवणे किती सोपे होते! ठिपका गेला, कागद उंदराने खाल्ला, सीट परत बसवली की झाले.

न्याहारीला सारे ताठ बसले होते. व्हर्लिनने कागद टेबलावर पसरला. "रंगाची चौकट उंदराने खाल्ली," तो म्हणाला, आणि थांबला.

"मग त्यात काय?" अंड्यावर तिखट सॉस ओतत लोवेल म्हणाला. "कागद कशाला हवा, लेका? तू जांभळी म्हणालास ना, मग जांभळी. तुझ्या एका शब्दावर मी माझी लाल सुंदरी बटाटा केली. तुझा डोळा म्हणजे डोळा."

एवढी श्रद्धा कुणाही सज्जनाला पेलवत नाही. व्हर्लिनने काटा खाली ठेवला.

"बदामी," तो क्षीण स्वरात म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोल, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"वाळवंटी बदामी! सतरा ठिकाणी! आणि तो ठिपका नेलपॉलिशचा होता!"

लोवेल इतका हसला की त्याच्या नाकातून टोमॅटोचा रस आला. उठून त्याने व्हर्लिनला कडकडून मिठी मारली. "ये रे माझ्या बटाट्या! तीन वर्षं एकटा उकडत होतो!"

गाडी बदामी झाली. दोन गॅलन जांभळा रंग मार्जीनने कोंबड्यांच्या खुराड्याला दिला. साऱ्या परगण्यात एवढे वेगवान दिसणारे खुराडे दुसरे नाही.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. चौकात मिरवणूक थबकली तेव्हा एक वृद्ध बाई व्हर्लिनच्या खिडकीशी आल्या.

"तुम्ही दोघं श्रवणयंत्रवाल्या कंपनीचे ना? गाड्या अगदी कानातल्या यंत्राच्याच रंगाच्या आहेत. फुकट तपासणी कुठं आहे?"

पलीकडच्या गाडीत लोवेल स्टिअरिंगवर डोके आपटून हसू लागला. व्हर्लिनने मात्र इंजिन बंद केले, बाहेर उतरला आणि टोपी काढून, मागची सारी मिरवणूक खोळंबवून, नम्रपणे म्हणाला, "नाही बाईसाहेब. हा कारखान्याचा अस्सल रंग आहे. खात्री नसेल तर या, सीटखाली दाखवतो."