पाच शेरांची पार्वती

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या चार दिवसांच्या लेकीचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "क्लेफ्ट लिप. क्लेफ्ट पॅलेटही आहे." म्हणजे वरचा ओठ दुभंगलेला आणि आत टाळूलाही फट. मी ताडकळसचा किराणावाला. मी दुकानातून हाक मारली की पूर्णेच्या टेसनात इंजिन शिट्टी द्यायचं थांबतं. त्या दिवशी मात्र मी कुजबुजूनच विचारलं, "कशानं झालं हे?"

बायकोनं पोटुशी असताना गिराणात, म्हणजे ग्रहणात, विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, अशी घरात चर्चा चालली होती. डॉक्टर म्हणाले, "गिराणाचा दोष नाही, आईचाही नाही. लेकराला दूध ओढता येत नाही, म्हणून ते उपाशी राहतं. तिला पोसा. पाच शेर भरली की हैदराबादला न्या, ओठ शिवतील."

ज्यांच्या घरी असं लेकरू असेल त्यांनी ध्यानात ठेवा, आडवं पाजलं की दूध नाकातून येतं. माझी बायको गुरुबाई अंगावरचं दूध वाटीत काढायची, पार्वतीला मांडीवर उभी धरायची आणि बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, गालाच्या आतून थेंब थेंब सोडायची. मधूनमधून खांद्यावर घेऊन ढेकर. तिचं एक पाजणं होईस्तोवर मी अख्ख्या बाजाराला गूळ तोलून मोकळा व्हायचो.

दर सोमवारी लेकीला दुकानाच्या पारड्यात निजवायचो. तिसऱ्या महिन्यात तिनं पाच शेरांचं वजन उचललं. मी गावभर पेढे वाटले आणि पूर्णेहून गाडी धरली.

हैदराबादच्या काट्यावर पोरगी साडेचारच भरली. मी त्या काट्याचा असा उद्धार केला की दवाखान्यावरचे पारवे उडाले ते गोवळकोंड्याला जाऊन बसले. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "इतक्या अशक्त पोरीला गुंगी देणार नाही. जिवावर बेतेल. घेऊन जा, अजून पोसा."

परतीच्या गाडीत नांदेड येईपर्यंत गुरुबाईनं पोरीला दोनदा पाजलं. मग म्हणाली, "ते दुकानातलं वजन बुडाला कोरून हलकं केलेलं हाय न्हवं? गिऱ्हाईक खपवून घेतंय. पोरीनं कसं घ्यावं?"

आता सांगायला काय, होतं कोरलेलं. वडिलांनी कोरलं होतं. मी नुसता पुसून ठेवायचो.

घरी आल्या आल्या लोहाराकडून त्यात शिसं भरून घेतलं. पुन्हा तोललं तर लेकीचं पारडं आढ्याला टेकलं म्हणा. पुन्हा बोंडलं, पुन्हा थेंब. महिनाभरानं पार्वतीनं ते वजन खरोखर उचललं. हैदराबादेत ओठ शिवला, टाळू पुढच्या वर्षी.

डॉक्टरांचे उपकार आहेतच, गुरुबाईचे त्याहून जास्त. पार्वती आता पाच वर्षांची आहे. थोडी नाकात बोलते, पण बोलते लय. बाजारच्या दिवशी तराजूपाशी उभी राहते आणि गिऱ्हाइकादेखत म्हणते, "आप्पा, डाळीचं पारडं अजून वरच हाय."

मी मुकाट्यानं आणखी एक मूठ टाकतो.