चिंचेखालचे रविवार

आमचे हे वारले तेव्हा दारात इतकी माणसं जमली की गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो माझ्यापुढं येऊन सांगायचा, वैनी, साहेबांसारखा माणूस पुन्हा होणे न्हाई. मी मान हलवायची. दुसरं काय करणार?

पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. नोकरीभर बांधाबांधानं फिरले, आणि रिटायर झाल्यावर तर पायाला भिंगरीच लागली. बोरीला कुणाकडं हुरडा आहे, राणीसावरगावला कुणी बोलावलंय, की हे निघाले. पण खरा जीव जिंतूरच्या पलीकडं, ओढ्याकाठच्या एका चिंचेत. दर रविवारी तिथं दोस्तांची बैठक, आणि डबा माझा. सकाळी उठून चाळीस धपाटे, ठेचा, दही.

घरात हा माणूस मुका. तिथं म्हणे हसवून हसवून लोकांची पोटं दुखवायचा. माझ्या वाट्याला रिकामे डबे यायचे, तेही चिकट.

एकदा मी म्हणाले, "मला बी न्या की. बघू तर द्या ती चिंच."

पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "तिथं समदी गडीमाणसं. तू काय करणार?"

मला ते खरं वाटलं. पुन्हा विचारलं नाही. पण रविवारी गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेला की रडू यायचं, आणि रडू आल्याचा आणखी राग यायचा.

ह्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हा दोस्तांनी चिंचेखालीच कार्यक्रम ठरवला. एकाचा फोन आला, "वैनी, तुमच्या हातचे धपाटे पायजेत. डबे न्यायला जीप पाठवतो." मला ‘तुमी बी या’ म्हणाला नाही. दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी धपाटे केले, ठेवणीतली साडी नेसले आणि जीप आल्यावर डब्यांच्या आधी मीच आत जाऊन बसले. ड्रायव्हर बघतच राहिला.

चिंच छान होती. लय छान. सावली पार ओढ्यापर्यंत. बुंध्याशी ह्यांचा हार घातलेला फोटो. आणि सतरंजीवर बाया बसलेल्या, सात-आठ जणी, दोस्तांच्याच बायका. एक जण चूल मांडत होती. दगड कुठले घ्यायचे, पाणी कुठून आणायचं, सगळं तिला पाठ.

"तुमी येता का इथं?" मी तिला विचारलं.

"तर! कवापासून यायलोत आमी." मग ती लगबगीनं उठली आणि माझ्यासाठी सावलीत खुर्ची ओढली. "वैनी, इकडं बसा. तुमाला ऊन सोसत न्हाई. साहेब सांगायचे ना, बाहेर निघालं की तिला चक्कर येती म्हून. आमी लय म्हणायचो त्यांना, एकदा तरी आणा वैनीला."

लग्नाआधी सात वर्षं मी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचलाय. अनवाणी. हे मला बघायला आले, तेव्हा मला शेतातूनच बोलावून आणलं होतं. ह्यांना सगळं ठाऊक होतं.

भाषणं सुरू झाली. साहेब दिलदार, साहेब माणसांत रमणारे. फोटोत हे हसत होते. लाज वाटली ह्यांना माझी, दुसरं काय. मेलेल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

मी ती खुर्ची उचलली, पार उघड्यावर नेऊन ठेवली आणि बसले. बायका हाका मारत होत्या, वैनी, सावलीत या. शेवटचं भाषण संपेपर्यंत मी उन्हातच बसले. मला चक्कर आली नाही.