पूर्ण व्होल्टेजवर

वाल्मीकनाना भुसावळजवळचं गाव सोडून मुलाच्या जळगावातल्या फ्लॅटवर राहायला आले आणि त्यांच्या गिटारचा आवाज बिघडला. आयुष्यभर ते ब्लूज वाजवत आले होते. अ‍ॅम्प्लिफायर तोच, जुना, व्हॉल्व्हचा. तरी स्वर कोरडे येत. त्यांनी तारा बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले. जेवता जेवता उठून पुन्हा वाजवून बघत.

"हात गेला माझा," ते शेजारच्या फ्लॅटमधून ऐकायला आलेल्या मला म्हणाले.

रविवारी त्यांचे जुने साथीदार कौतिकआबा अमळनेरहून आपली गिटार घेऊन आले. नानांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तीही कोरडीच वाजली.

"तुना हात बरोबर शे," आबा म्हणाले. "गावले संध्याकायले लाइट कसा राहे?"

"पिवळा. सगळ्यांचे पंप चालू असायचे ना."

आबा मोटर रिवाइंडिंगवाले. त्यांनी गाडीतून व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमरस्टॅट आणला, अ‍ॅम्प्लिफायर त्यावर जोडला आणि व्होल्टेज हळूहळू उतरवलं. नानांनी तार खेचली. तोच जुना, किंचित फाटका, उबदार आवाज खोलीत भरला. मी थक्क झालो. नाना मात्र थांबले.

"म्हणजे लोक ज्याला माझा आवाज म्हणायचे, तो कमी व्होल्टेजचा होता?"

"मंग पंपवाल्यास्ले बी बँडमा घेवाले पाहिजे व्हतं," आबा हसले.

नाना हसले नाहीत. "पूर्ण कर," म्हणाले.

आबांनी व्होल्टेज पूर्ण केलं. आवाज पुन्हा कोरडा झाला आणि नाना त्याच आवाजात पहिल्यापासून वाजवायला लागले. चहा आला, निवून गेला. त्यांनी मान वर केली नाही.