आधी दिलेला पेढा

ज्या ऑफिसात मोठ्याने बोलायची सोय नसते ना, तिथे किस्से फार साठतात. माळ्यावर कोंबलेल्या पिशव्यांसारखे. एक काढायला जावं तर चार डोक्यावर पडतात! मी जर्मनीतल्या एका राज्याच्या विधानसभेत काम करते. सभागृहातले माइक, स्क्रीन, मतमोजणीचे तक्ते, हे माझं खातं. कुठलं राज्य ते सांगत नाही. आमच्या बॉस फ्राऊ, म्हणजे श्रीमती, बेरेन्स यांना मराठी येत नाही, पण त्यांच्या मोबाइलमध्ये भाषांतराचं ॲप आहे, आणि या बाई वाचल्याशिवाय काहीही सोडत नाहीत.

तर मध्यंतरी राज्याच्या घटना न्यायालयातले एक न्यायाधीश निवृत्त झाले. हे राज्यातलं सगळ्यात वरचं कोर्ट. सरकारने केलेला कायदा राज्यघटनेत बसतो की नाही, ते इथे ठरतं. खुर्ची रिकामी झाली आणि ती भरायचं काम विधानसभेचं. आमदार गुप्त मतदान करतात, दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे सत्ताधाऱ्यांना विरोधकांशी आधी जुळवून घ्यावंच लागतं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

*

नाशिकला वकिली करणाऱ्या माझ्या भावाला, मंदारला, मी हे फोनवर समजावून सांगत होते.

"म्हणजे आमदार न्यायाधीश निवडतात? मग प्रचार कोण करतं?"

"कोणीच नाही."

"बरं, सभागृहात भाषणं तरी?"

"बंदी आहे. चर्चेशिवाय मतदान."

"मग आमदार करतात काय?"

"रांगेत उभे राहतात, पडद्याआड जाऊन खूण करतात, चिठ्ठी पेटीत टाकतात आणि जागेवर जाऊन गप्प बसतात."

मंदारने हळूच विचारलं, "ताई, तू नक्की विधानसभेतच कामाला आहेस ना?"

*

मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे रंगीत तालीम असते. फ्राऊ बेरेन्स स्वतः पडद्याआड जाऊन बसतात, पेन चालतं का बघतात. सगळी पेनं एकाच कंपनीची, एकाच शाईची. कोणी वेगळ्या शाईने खूण केली तर मत ओळखू येईल! मी एकदा माझं हिरवं पेन तिथे विसरले, तर त्यांनी ते मला पाकिटात घालून, पाकीट चिकटवून परत केलं.

तालमीत हेर ओटे मतपेटी उलटी करून दाखवतात. हे आमचे सभागृह सेवक (हेर म्हणजे इथे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे!), सहा फूट उंच, चेहऱ्यावरची रेष हलणार नाही. पेटी रिकामी आहे हे सर्वांना दिसलं पाहिजे. त्या दिवशी फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून त्यांनी सकाळी आपला डबा कुठे ठेवला होता, हे ते स्वतःच विसरले होते. पेटी उलटी केली आणि चीज लावलेले ब्रेडचे दोन तुकडे फ्राऊ बेरेन्सच्या पायाशी पडले.

बाईंनी खाली बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "एक मत. बाद."

*

आता उमेदवाराबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात! फ्राऊ डॉक्टर ल्यूर्स. तेव्हा दुसऱ्या एका कोर्टात न्यायाधीश होत्या. एकट्याच असतात, जिन्यात भेटल्या की "मोर्गन" एवढा नमस्कार करतात, संपलं.

माझ्या सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्या आल्या आणि आठवड्याने गणपती. आमच्याकडे वीस माणसं आली आणि जिन्यात चाळीस चपला! दुसऱ्या दिवशी हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्यांचं, पत्र आलं. भाषा अशी, की आम्ही जिन्यात म्हशी बांधल्या असाव्यात. मी रडकुंडीला आले.

जिन्यात माझा रडका चेहरा बघून संध्याकाळी फ्राऊ ल्यूर्स दाराशी. पत्र वाचलं. "आल्झो... तर, चूक तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "आग लागली तर जिना मोकळा हवा. पण या पत्राचा सूरही चूक आहे. दोन्हीबद्दल लिहायला हवं." आणि माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक माझ्या नावाने, माफीचं. दुसरं स्वतःच्या नावाने, त्या व्यवस्थावाल्यांनी माफी मागावी म्हणून. आठ दिवसांत त्यांची माफी आली!

सासूबाई भारावून गेल्या. "मृणाल, या बाईंना जज करायला पाहिजे."

"आई, त्या जज आहेतच."

"मग आणखी वरच्या कोर्टात करायला पाहिजे!"

आणि पंधराच दिवसांत घटना न्यायालयासाठी फ्राऊ ल्यूर्सचं नाव पेपरात आलं. समितीने सुचवलं, पक्षांनी मान डोलावली, हे सगळं मी आईंना सांगून पाहिलं. त्यांच्या मते नाव त्यांनीच सुचवलं होतं.

उमेदवार माझ्या शेजारी आहेत, हे मी फ्राऊ बेरेन्सना लगेच सांगितलं. "मग त्या दिवशी माइकशिवाय कशालाही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मतपत्रिकांकडे बघायचंसुद्धा नाही."

*

मतदानाचा दिवस. पक्षांचं जमलेलं, पेपरवाल्यांनी निकाल लावून टाकलेला. आईंनी पहाटे उठून मिल्क पावडरचे पेढे केले. "हर्त्सलिशन ग्लुकवुन्श" हे जर्मन अभिनंदन माझ्या लेकीने, रेवाने, त्यांच्याकडून चार दिवस घोकून घेतलं होतं. निळा कोट घालून फ्राऊ ल्यूर्स जिना उतरत होत्या. आईंनी त्यांना गाठलं, दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि खणखणीत आवाजात अभिनंदन केलं!

फ्राऊ ल्यूर्सचा चेहरा पांढरा पडला. कारण जर्मन माणूस काहीही सहन करेल, पण आगाऊ शुभेच्छा नाही. इथे वाढदिवसाच्या शुभेच्छाही एक दिवस आधी देत नाहीत. घात होतो म्हणतात! आणि आपल्याकडे? पोरगं पेपर देऊन बाहेर येण्याआधी आपण पेढ्याची ऑर्डर देतो.

त्यांनी डबा घेतला, "डांके" म्हणून आभार मानले आणि तो ठेवायला परत वर गेल्या.

दुपारी मतं मोजली. दोन कमी पडली! गुप्त मतदान, त्यामुळे कोण फिरलं हे कधीच कळणार नव्हतं. मला राहवलं नाही, मी कँटीनमध्ये पेढ्यांची गोष्ट सांगून टाकली.

हेर ओटेंनी हातातला काटा खाली ठेवला. "मतदानाच्या आधी?"

"हो, आधी."

सगळं आयुष्य फक्त नियमांवर विश्वास ठेवून काढलेल्या फ्राऊ बेरेन्स. त्यांनी कॉफी ढवळत विचारलं, "फ्राऊ जोशी, तुमच्या सासूबाईंचा व्हिसा कधीपर्यंत आहे?"

*

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या महिन्याच्या अधिवेशनात पुन्हा मतदान होणार होतं. तेव्हाही पडल्या तर नाव मागे घेतलं जाणार, हे फ्राऊ ल्यूर्सनीच जाहीर केलं होतं. मतदान बुधवारी, आणि आईंचं परतीचं विमान गुरुवारी.

आईंचं जेवण कमी झालं. "त्या बाईंनी आपल्यासाठी पत्र लिहिलं आणि मी त्यांचं वाटोळं केलं," एवढंच म्हणायच्या. मी किती समजावलं, की दोन आमदार फिरले, त्यात पेढ्याचा काय दोष? त्यांचं एकच उत्तर, "तू होतीस का पडद्याआड?"

बुधवारी सकाळी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. आईंनी पदर तोंडावर दाबला आणि चक्क भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. फ्राऊ ल्यूर्स दोन पायऱ्या वर थांबल्या आणि मग खाली गेल्या. मी दारातून बघत होते. मला दोघींचीही इतकी दया आली की सांगता येत नाही.

*

दुसरं मतदान. मी वर काचेच्या खोलीत, माइकच्या बटणांशी. हेर ओटेंनी पेटी उलटी केली आणि आतून हात फिरवूनही दाखवला. एकेका आमदाराचं नाव पुकारलं जात होतं. प्रेक्षक गॅलरीत फ्राऊ ल्यूर्स मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या.

अध्यक्षांनी आकडा वाचला. लागत होती त्यापेक्षा तीन मतं जास्त!

माझ्या तोंडून "हुश्श!" निघालं. गेला महिनाभर छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं होतं, काय करू? पण माझ्यासमोरचा माइक चालू राहिला होता. तो हुश्श सभागृहातल्या प्रत्येक स्पीकरमधून बाहेर आला, आणि अख्खी विधानसभा मान वर करून माझ्याकडे बघायला लागली!

आमच्याकडे सभागृहात उमटलेला प्रत्येक आवाज इतिवृत्तात लिहितात. टाळ्या, हशा, कोण काय ओरडलं, सगळं. संध्याकाळी फ्राऊ बेरेन्स कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, नोकरी गेली.

"फ्राऊ जोशी," त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हा उद्गार कुठल्या पक्षाच्या नावावर घालू?"

*

आई त्या दिवशी सभागृहात आल्या नव्हत्या. निकाल मी फोनवर सांगितला तर "बरं झालं" म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या. वर जाऊन अभिनंदन करा म्हटलं, तर मान हलवली. "नको गं बाई. शपथ झाली का? सही झाली का? मी आता काही बोलणार नाही."

सात वाजता बेल वाजली. दारात फ्राऊ ल्यूर्स, तोच निळा कोट. शपथ घेऊन थेट आलेल्या. हातात आमचा पेढ्यांचा डबा, त्यावर बर्फाचा पातळ थर. झाकणाच्या चारही बाजूंना चिकटपट्टी, आणि वर बारीक अक्षरात तारीख, वेळ, आणि खाली एक ओळ: 'निकालाआधी मिळाला. उघडलेला नाही.'

त्या सरळ आत आल्या, बॅगेजवळ बसलेल्या आईंच्या हातात डबा ठेवला, दोन पावलं मागे सरकल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"येत्स्ट, बिट्टे," त्या म्हणाल्या. आता, प्लीज.

मला भाषांतर करावं लागलं नाही. आई उठल्या, पदर नीट केला आणि त्यांनी दोन्ही हातांनी डबा पुढे धरला.