फ्यूजच्या जागी तार

माझ्या ट्रकचे दिवे लागले आहेत की नाही, हे खाली उतरून समोर जाऊन बघावं लागायचं. गाडी सोळा वर्षांची, केळी वाहून वाहून तिचं हाड न् हाड खिळखिळं झालेलं. इंजिन मात्र ठणठणीत होतं, म्हणून विकायला मन होत नव्हतं. सावद्याहून केळी भरायची आणि जळगाव, पारोळा करत धुळ्याला उतरवायची, हा माझा रोजचा रस्ता. त्या रस्त्यावर पहाटे अंधारात मी अंदाजानंच गाडी हाकत होतो म्हणा ना.

धुळ्यात हायवेला लागून एका चाचांचं वायरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं शेड. पण आमच्या जळगावच्या गाड्या तिथं रांगेनं उभ्या असायच्या. चाचा साठी ओलांडलेले, तोंडानं फटकळ. गिऱ्हाईक जास्त बोललं की "मग तूच कर," म्हणून पेचकस त्याच्या हातात द्यायचे. माझं आणि त्यांचं बरं जमायचं, कारण मीही तसाच तापट. दोघांनी एकमेकांवर दोनदा ओरडल्याशिवाय आमचा चहा व्हायचा नाही.

मी त्यांना म्हणालो, "चाचा, मोठे बल्ब टाका. उजेड पडला पाहिजे."

त्यांनी बल्ब टाकला नाही, आधी मीटर लावला. बॅटरीवर चोवीस व्होल्ट भरले, दिव्यापाशी जेमतेम एकोणीस. "पाच व्होल्ट वाटेतच खाल्ले तुझ्या गाडीनं," म्हणाले. "पाणी जास्त सोडायचं तर पाट रुंद पाहिजे ना भाऊ? तुझा पाटच फुटलाय."

मग त्यांनी डॅशबोर्डच्या मागून जी वायर ओढून काढली, ती पाहून मला स्वतःचीच लाज वाटायला हवी होती. जोडावर जोड, उन्हानं पाघळलेली टेप, कुठल्या तरी जुन्या टेपरेकॉर्डरची कुठंच न जाणारी तार. दोन दिवस ते गाडीखाली आणि गाडीत होते. बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी जाड वायर टाकली, दोन रिले बसवले, दिव्यांच्या काचा आणि आतले आरसे बदलले. "आता स्विच फक्त हुकूम देईल, ओझं रिले उचलेल," असं मला शिकवणीच्या मास्तरासारखं समजावलं. शेवटी फ्यूजची डबी लावली आणि तिच्या झाकणावर आतून फ्यूज किती अँपिअरचा तो आकडा पेनानं लिहिला. म्हणाले, "फ्यूज उडाला तर दुसरा टाकायचा नाही. मला फोन करायचा. तो उगाच उडत नाही."

उजेड असा पडला की पारोळ्याच्या अलीकडचे खड्डे मला पहिल्यांदा दिसले. इतकी वर्षं मी त्यांना फक्त कमरेनं ओळखत होतो.

इथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सावद्याला केळी भरताना बाकीच्या गाड्यांच्या बंपरवर चार-चार गोल दिवे चमकायचे. माझ्याकडे पाहून एकजण म्हणाला, "म्हातारीनं काजळ तर घातलं, पण दागिने कुठंत?" सगळे हसले. मला हसणं सहन होत नाही, माझ्यावरचं तर मुळीच नाही. त्याच रविवारी जळगावातून चार दिवे आणले आणि गावी असोद्याला घरासमोर स्वतःच बसवले. वायर कुठून घ्यायची? चाचांची जाड वायर होतीच तयार, तिच्यातच जोड मारला. बटण दाबलं, फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. तेव्हा चाचांना फोन करायचा होता. त्याऐवजी मी वायरीतल्या तांब्याच्या चार तारा पिळल्या आणि फ्यूजच्या जागी दाबून बसवल्या. आमच्यात सगळे हेच करतात. चारही दिवे झगझगीत लागले आणि मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले.

ती तार दोन महिने टिकली. थंडीतल्या एका सकाळी, धुकं होतं म्हणून सगळे दिवे लावून मी पारोळ्याजवळ चहाला थांबलो. गाडी चालूच ठेवली होती. कपाला तोंड लावतोय तोच डॅशबोर्डातून धूर. मी पाना घेऊन बॅटरीकडे धावलो, टपरीवरचे आमचेच तीन-चार गाडीवाले माती घेऊन आले. बॅटरी सुटली, धूर बसला, केळी वाचली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

धूर बसल्यावर माणसं बोनेटकडे होती. मी एकटा केबिनमध्ये होतो. मी फ्यूजची डबी उघडली आणि वितळत आलेली ती तार फडक्यानं ओढून काढली. बोट भाजलं. तार खिशात टाकली आणि खाली उतरलो. गाडीपेक्षा मला तारेची काळजी आधी वाटली, एवढं सांगितलं तरी पुरे.

"वायरिंग कोणी केलं होतं रे?" एकानं विचारलं.

"धुळ्याच्या चाचांनी," मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो. जळक्या वायरीचा फोटो कोणीतरी काढला, तो आम्हा गाडीवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर पडला. दुपारपर्यंत त्याखाली लिहून आलं होतं, धुळ्यात वायरिंग करताना जपून, चाचांचा हात आता राहिला नाही. मी वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला. त्याच खिशात तार होती.

त्या दिवशी केळी उतरवून मी चाचांच्या दुकानावरून आलो नाही, बायपासनं आलो. घरी बायकोनं कपडे धुवायला घेतले, तेव्हा तिच्या हाताला तार लागली. "खिशे पाहून टाकत जा ना कपडे. मशीनमधी अडकली असती," ती म्हणाली. मी तार तिच्या हातातून काढून घेतली.

आठवड्यानं चाचा स्वतः आले. धुळ्याहून एसटीनं, खांद्याला पिशवी, थेट आमच्या जळगावच्या गाडीतळावर. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. कोणाशी न बोलता ते केबिनमध्ये चढले, डबी उघडली, जळकी वायर बोटांनी चाचपली आणि मला विचारलं, "फ्यूज कुठंय?"

"जळला असेल," मी म्हणालो.

"फ्यूज जळला असता तर वायर जळली नसती. वायर जळली, म्हणजे इथं फ्यूज नव्हता. काय घातलं होतंस?"

आजूबाजूला दहा-बाराजण जमले होते. त्यावेळी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी आवाज चढवला. आवाज चढवणं मला लहानपणापासून चांगलं येतं. "म्हणजे मी खोटं बोलतो? हात थरथरतात तुमचे, ते सांगा की! होत नाही काम तर बंद करा!" चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण मी शंभरदा दुसऱ्यांवर मारली असेल.

चाचांनी बंपरवरच्या चार दिव्यांकडे बोट दाखवलं. "हे मी लावले नव्हते."

"चार दिव्यांनी काय होतं चाचा? सगळ्यांच्याच गाड्यांना आहेत," दुसराच कोणी बोलला. सगळे माझ्या बाजूनं झाले, कारण मी त्यांच्यातला होतो. चाचांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि ते स्टँडकडे चालत गेले. त्यांना साधा चहासुद्धा कोणी विचारला नाही. मीही नाही.

पुढं वर्षभर मी बायपासनंच जात-येत होतो. गाडीचं वायरिंग जळगावात दुसऱ्याकडून करून घेतलं. ते चार दिवे काढून टाकले, कोणी विचारलं तर डिझेल जास्त खातात असं उत्तर द्यायचो. ते काय डिझेल खातात! पण कोणी उलटून विचारलं नाही. एकदा फोनवर कोणाला तरी मी सांगत होतो की म्हातारा कामातून गेलाय. फोन ठेवला तर बायको दारात उभी. "मंग ती तार कायची होती?" तिनं विचारलं. तिच्या माहेरी विहिरीवरच्या मोटारीचे फ्यूज तारेनंच बांधतात, तिला सांगायची गरज नव्हती. मी तिच्यावर ओरडलो. ती आत निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. ओरडून कोणाला गप्प करता येतं, हे मला ठाऊक होतं. ओरडल्यावर आपल्याला काय वाटतं, ते त्या दोन दिवसांत कळलं. स्वतःची किळस आली.

दिवाळीनंतर बायपास सोडून मी चाचांच्या शेडसमोर गाडी उभी केली. भर दुपार, आणि तिथं एकही ट्रक नव्हता. चाचा कोणाच्या तरी घरचा मिक्सर उघडून बसले होते. शेजारी दोन पंखे आणि एक इस्त्री. ट्रकची इंच इंच वायर ओळखणारा माणूस चटणीचं भांडं पुसत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तारेपासून ते ओरडण्यापर्यंत.

त्यांनी मान वर केली नाही. "मला कशाला सांगतो? मला तेव्हाच माहीत होतं. ज्यांच्यापुढं ओरडलास त्यांना सांग."

ते सांगायला मी आणखी महिना घेतला. थंडीत आम्हा गाडीवाल्यांची शेतात भरताची पार्टी असते. वांगी भाजून झाली होती, सगळे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या घेऊन बसले होते. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, चाचांच्या कामात काही खोट नव्हती, फ्यूज काढून तांब्याची तार मी घातली होती, आणि तुमच्यादेखत खोटं बोललो होतो.

धुळ्याकडचा एकजण खो खो हसला. "हात्तीच्या! बठ्ठा असंच करतस भाऊ. आमनी गाडीमा बी तांबानीच तार शे!" त्याच्याही गाडीत फ्यूजच्या जागी तारच होती. मग सगळेच हसले. कोणी माझ्या पानात आणखी भरीत वाढलं. एकानं विचारलं, "मग चाचांकडं जायचं का आता?" दुसरा म्हणाला, "कशाला? जळगावात होतंय की जवळ." आणि बोलणं केळीच्या कटाईवर गेलं. मी खाली बसलो आणि पुरी खाल्ली. मी वर्षभर ज्याला घाबरत होतो, त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. वेळेवर बोललो असतो तर असेच हसले असते आणि चाचांचं दुकान चालू राहिलं असतं.

घरी येऊन चाचांना फोन केला. म्हणालो, "सांगितलं सगळ्यांना."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"फार वाईट वाटलं त्यांना," मी म्हणालो. "चाचांवर अन्याय झाला म्हणाले."

त्यांचा आवाजच बदलला. वर्षभरात मी तो तसा ऐकला नव्हता. "मग येतील आता," ते म्हणाले. "थंडीत दिव्यांचं काम निघतंच. दहा-बारा रिले आणून ठेवतो."

"हो, आणून ठेवा," मी म्हणालो.