पाच हजारांचा बंदोबस्त

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की मोर्च्यांचा हंगाम सुरू होतो. आम्ही शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायाही दरवर्षी निघायचो. मानधन वाढवा, एवढंच मागणं. आमचा पुढारी कधी चुलीपुढे बसला नाही, पण पोलिसांकडे परवानगीचा अर्ज तोच भरायचा आणि संख्येच्या रकान्यात बिनदिक्कत पाच हजार ठोकून द्यायचा. त्या वर्षी मी हटकलं तर म्हणाला, "तुम्ही काहून घाबरता वं? चाळीस लिहिले तर मंत्री भेटते का?"

सगळेच असं फुगवून लिहितात आणि पोलिसांनाही ते ठाऊक असतं. तरी बंदोबस्त कागदाप्रमाणेच लागतो. जरीपटका वस्तीतून आम्ही चाळीस जणी मोर्चे अडवतात त्या चौकात पोहोचलो, तर समोर कठड्यांच्या दोन रांगा, हेल्मेटवाले लाठीधारी, पाणी मारायची गाडी. मला हसूच फुटलं. जणू आम्ही झारे घेऊन विधानभवन लुटायला निघालो होतो.

पुढारी चार माणसं घेऊन, शिष्टमंडळ म्हणून, पोलिसांच्याच गाडीतून निवेदन द्यायला गेला. त्या चौघांपैकी एकानेही जन्मात डाळ धुतली नसेल. आम्ही डांबरावर बसून राहिलो. दुपार कलली तशी माझ्या शाळेतली जोडीदारीण माझा हात दाबू लागली. साठीची बाई, त्यात शुगर. तिला लघवीला जायचं होतं. शौचालय कठड्यापलीकडे, इथून दिसत होतं.

मी बंदोबस्तावरच्या साहेबाकडे गेले.

"साहेब, तिले बाथरूमले जाऊ द्या. म्हातारं माणूस आहे."

"एकीले सोडलं का पाच हजार घुसतात."

"आम्ही चाळीस आहो. मोजून घ्या ना."

त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला कागद पाहिला. "परवानगीत पाच हजार आहेत."

असल्या माणसाच्या हाती मी वरण ढवळायची पळीही दिली नसती. तरी लाचार होऊन तीनदा गेले, त्याची मला अजून चीड येते. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा ती रडत होती. "आता नाही थांबत वं," म्हणाली.

मग आम्ही सगळ्या एकदम उठलो. तिच्याकडे पाठ करून तिच्याभोवती कडं केलं आणि पदर ताणून आडोसा धरला. ती मध्ये बसली. साहेबाला एवढंच दिसलं की जमाव उठला. शिट्टी वाजली आणि लाठ्या आल्या.

पहिली माझ्या मनगटावर बसली, दुसरी शेजारणीच्या खांद्यावर. हात वर करून डोकं वाचवावं तर पदर सुटणार होता, आणि आत ती अजून बसलेली होती. ती उठेपर्यंत आम्ही मार खात उभ्या राहिलो. एकीनेही पदर सोडला नाही.